पहांटेचा पाठ

शास्त्रभाग : अनुवाद ६:४-९ ; २ तीमथ्य १:५ व ३:१४-१५



इ. स. २०२० सालीं महामारीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं, तेव्हां आमच्या घरीं एक लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. ती आज आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. कारण पाळकानें नेहमीं दुसऱ्यांच्याच घरांविषयीं बोलत राहावें हें योग्य नव्हे. त्या दिवसांत उपासनामंदिरेंही बंद होतीं, म्हणून सायंकाळची कुटुंब-उपासना आम्ही जरा लांबवीत असूं. एके दिवशीं आम्हीं आपल्या चौथींतील मुलास शास्त्रपाठ वाचावयास सांगितला. मुलगा उभा राहिला, त्यानें पुस्तक उघडलें, आणि तो अडखळूं लागला. जोडाक्षर आलें कीं थांबे. ओळ संपली कीं पुढची ओळ बोटानें शोधी. पांच वचनें वाचावयास त्यास इतका वेळ लागला कीं, शेवटीं त्याच्या आईनें पुस्तक आपल्या हातीं घेतलें.

चार वर्षें तो नेमानें शाळेंत गेला होता. त्याच्या गुरुजींस आम्ही दोष देत नाहीं. वर्गांत मुलें पुष्कळ, आणि आमचा मुलगा गप्प बसणारा. दोष आमचा होता. सात गांवांतील मंडळ्यांस आम्ही वचन शिकवीत होतों. पण आपल्याच चुलीजवळ बसलेलें लेंकरूं वाचूं शकतें कीं नाहीं, हें आम्हांस चार वर्षांत ठाऊक झालें नाहीं. त्या रात्रीं आम्हां उभयतांस झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून आम्हीं घरीं शिकविण्यास प्रारंभ केला.

तेव्हांपासून अनेक मायबापांनीं आम्हांस विचारिलें आहे, "पाळकसाहेब, मुलास घरीं शिकवावयाचें तर सुरुवात कोठून करावी?" कोणाचें मूल आजारी किंवा अपंग असतें, कोणाची वस्ती शाळेपासून फार दूर असते, कोणी दसरा झाला कीं ऊसतोडीस निघतात, आणि कोणास शाळेबरोबरच घरींही शिकवावें असें वाटतें. ह्या सर्वांस आम्ही आज उत्तर देऊं इच्छितों.

मोशे मवाबाच्या मैदानांत इस्राएल लोकांशीं बोलला, तेव्हां त्या लोकांजवळ शाळा नव्हती, फळा नव्हता, पगारी शिक्षक नव्हता. तंबू होते आणि वाट होती. तरी देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबविण्याचें काम मोशेनें आईबापांवर सोंपविलें, व त्यासाठीं चार वेळा नेमून दिल्या : घरांत बसण्याची, वाटेनें चालण्याची, निजण्याची आणि उठण्याची. जे पढलेले असतील त्यांनींच हें करावें, असें तो म्हणाला नाहीं. त्याचप्रमाणें तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. परंतु त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांनीं त्यास बाळपणापासून पवित्र शास्त्राची ओळख करून दिली, अशी पौल साक्ष देतो. ज्या तरुणावर पुढें मंडळ्यांचा भार पडला, त्याचा पहिला पाठ एका आजीच्या जवळ झाला.

ही गोष्ट दूरदेशची आहे असें कोणास वाटेल, म्हणून आपल्याच घरची एक गोष्ट सांगतों. पंडिता रमाबाईंचें नांव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाहीं? केडगांवचें मुक्तिसदन त्यांनीं उभारलें, शास्त्राचें मराठी भाषांतर त्यांनीं केलें, इ. स. १९२२ त त्या प्रभूकडे गेल्या. परंतु बाळपणीं त्या कोणत्या शाळेंत शिकल्या असें विचाराल, तर उत्तर एकच आहे : कोणत्याही नाहीं.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. तरुणपणीं ते पुण्यास विद्या शिकत असतां, आपले गुरु पेशव्यांच्या वाड्यांत एका राणीस संस्कृत शिकवितात, हें त्यांनीं पाहिलें, आणि आपल्या पत्नीसही शिकवावें असा त्यांचा निश्चय झाला. पुढें त्यांनीं आपल्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस शिकविलें, त्याबद्दल विद्वानांच्या सभेपुढें जाब दिला, आणि शेवटीं सह्याद्रींतील गंगामूळ येथील रानांत बिऱ्हाड केलें. त्या रानांत इ. स. १८५८ त रमाबाईंचा जन्म झाला. त्या कांहीं महिन्यांच्या असतांनाच तें घर मोडलें व सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. पुढें वर्षानुवर्षें धर्मशाळा आणि देवळांच्या ओवऱ्या हेंच त्यांचें घर झालें.

रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हां वडील वृद्ध झाले होते, म्हणून आईच त्यांस शिकवूं लागली, आणि तें शिक्षण त्यांच्या पंधराव्या वर्षापर्यंत चाललें. दिवसा लक्ष्मीबाईंस घरकामांतून सवड कोठली? म्हणून पहांटे पाखरें बोलूं लागलीं कीं त्या मुलीस गोंजारून, गोड बोलून जागें करीत आणि पाठ देत. समोर ग्रंथ नसे. आई म्हणे आणि मुलगी मागून म्हणे. अशा रीतीनें हजारों श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले. इ. स. १८७८ त ती वीस वर्षांची तरुणी कलकत्त्यास गेली, तेव्हां तेथील विद्वानांनीं तिची परीक्षा घेतली व तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. ह्या पदव्यांच्या मागें कोणतें विद्यालय होतें? एका आईची पहांट.

परंतु, प्रियांनो, गोष्ट येथेंच थांबविली तर आम्ही तुम्हांस अर्धेंच सत्य सांगितलें असें होईल. मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, तेव्हां ह्याच विद्वान कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. त्या दिवसांविषयीं रमाबाईंनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं, भीक मागण्यास किंवा हलकें काम करण्यास त्यांचा कुलाभिमान आड येई, आणि कष्टानें पोट भरण्याची एकही विद्या त्यांस शिकविलेली नव्हती. ज्या आईनें पहांटे उठून इतकें दिलें, तिच्या शिकवणींतही ही एक जागा रिकामी राहिली होती. ती रिकामी जागा रमाबाई विसरल्या नाहींत. केडगांवीं दुष्काळांतून आलेल्या मुलींस त्यांनीं अक्षरें तर शिकविलींच. पण त्याबरोबर विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, बाग, गोठा हींही शिकविलीं.

ह्या एका चरित्रांत आमचें सर्व सांगणें आलें आहे. घरचें शिक्षण पुस्तकांनीं सुरू होत नाहीं. ठरलेली वेळ आणि आईबापांचें मुख ह्यांनीं तें सुरू होतें. आणि ज्या गोष्टीची जागा आईबाप रिकामी ठेवितात, त्या गोष्टीपायीं मुलास एके दिवशीं सोसावें लागतें. आतां मोशेनें सांगितलेल्या चार वेळा एकामागून एक पाहूं.

पहिली, घरांत बसण्याची वेळ. दिवसांतील एक वेळ व घरांतील एक कोपरा ठरवा, आणि तो नेम पाळा. सहा वर्षांच्या मुलास सकाळीं वीस मिनिटें व सायंकाळीं वीस मिनिटें पुरेत. पहिल्याच दिवशीं तीन तास बसविण्याचा उत्साह आम्हीं दाखविला, आणि चौथ्या दिवशीं मुलगाही थकला व आम्हीही थकलों. प्रारंभ बोलण्यानें करा. एक गोष्ट सांगा, आणि तीच त्यास आपल्या शब्दांत परत सांगूं द्या. मग अक्षरें. आपले जुने शिक्षक ग, म, भ, न ह्यांपासून प्रारंभ करीत, त्यांत शहाणपण होतें. कारण चारच अक्षरें आलीं कीं 'मन', 'नभ', 'गगन' हे शब्द मूल स्वतः वाचतें, आणि आपणांस वाचतां येतें हा आनंद त्यास पहिल्याच आठवड्यांत मिळतो. पाटी नसेल तर ताटांत बारीक माती पसरून बोटानें गिरवूं द्या. धूळपाटीवर आपले पूर्वज असेंच शिकले. गणितास चिंचोके घ्या. दहा-दहांचे ढीग करून मोजूं द्या. ढीग हातानें केल्यावर मग पाढा पाठ करवा, म्हणजे पाढ्याचा अर्थ त्यास कळेल. भाकरीचे चार तुकडे करा, आणि पाव व अर्धा म्हणजे काय हें ताटांतच दाखवा.

कोणी म्हणेल, "आम्हीच निरक्षर, आम्ही काय शिकवावें?" आमच्या ओळखीची एक माउली निरक्षर आहे. ती दररोज सायंकाळीं भाकरी थापतांना मुलीस जवळ बसवून मोठ्यानें वाचावयास लावी. मुलगी अडखळली कीं ती म्हणे, "बाई, पुन्हा वाच बरें, मला नीट उमगलें नाहीं." आईस समजलें पाहिजे म्हणून मुलगी तें वाक्य पुन्हा, अधिक स्पष्ट वाची. त्या माउलीस एकही अक्षर येत नव्हतें, तरी ती आपल्या मुलीची शिक्षिका होती. जें मूल आपलें वाचन कोणी ऐकत आहे असें जाणतें, तें वाचावयास शिकतें.

दुसरी, वाटेनें चालण्याची वेळ. रमाबाईंची शाळा वाटेवरच भरली, हें ध्यानांत ठेवा. बाजारास जातां, तर भाव विचारूं द्या, सुटे पैसे मोजूं द्या. एस. टी. च्या पाट्या वाचूं द्या. शेताचा बांध पावलांनीं मोजवा. जे बंधु-भगिनी कोयता घेऊन कारखान्याच्या मुलखांत जातात, त्यांची पहांट फडांत उगवते हें आम्ही जाणतों. त्यांस पहांटेचा पाठ शक्य नाहीं. त्यांनीं कोपीपुढें सायंकाळची घटका राखावी. वजनकांट्याची पावती मुलापुढें ठेवा. टन किती, दर किती, पैसे किती, हा हिशेब त्यानें केला तर तें गणितही होईल, आणि तुमची कोणी फसवणूकही करणार नाहीं. परंतु मुलाच्या हातीं कोयता देऊं नका. निघण्यापूर्वीं गांवच्या शाळेंतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, म्हणजे जेथें जाल तेथील शाळेंत त्यास बसतां येईल. आणि गांवीं हंगामी वसतिगृह असेल तर त्याचीही चौकशी करा.

ह्याच वेळेंत हातांचें शिक्षण येतें. शिवणें, रोप लावणें, सायकलची दुरुस्ती, स्वयंपाक, गुरांची निगा हीं मुलास आणि मुलीस दोघांसही शिकवा. आमचा प्रभु सुताराच्या घरांत वाढला. जें शिक्षण हातांस लाजवितें तें ख्रिस्ती शिक्षण नव्हे.

तिसरी, निजण्याची वेळ. एक वही करा. रोज रात्रीं तारीख घालून त्या दिवशीं मूल काय शिकलें तें एका ओळींत लिहा, किंवा त्याच्याकडून लिहून घ्या. महिन्याअखेर ती वही वाचाल, तेव्हां कोठें पुढें गेलों व कोठें अडलों हें दिसेल. परंतु निजण्याच्या वेळेचें दुसरें एक काम आहे, आणि तें सांगावयास आम्हांस जड जातें. प्रारंभींच्या दिवसांत आम्ही मुलावर फार रागावत असूं. एकच जोडाक्षर तो चौथ्या वेळीं चुकला, तेव्हां आम्हीं हात उगारला. दुसऱ्या दिवशीं पुस्तक सांपडेना. त्यानें तें धान्याच्या कणगीमागें लपविलें होतें. तें पुस्तक पाहून, बापांनीं आपल्या लेंकरांस चिडवून खिन्न करूं नये असा जो बोध पौल कलस्सैकरांस करितो, तो आम्हांस आठवला. त्या रात्रीं आम्हीं मुलाच्या अंथरुणाशेजारीं बसून त्याची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. पण सकाळीं पुस्तक त्याच्याच हातांत होतें. मायबापांनो, दिवसाचा राग दिवसाबरोबर संपवा. भ्यालेलें मूल अक्षराकडे पाहात नाहीं, तुमच्या हाताकडे पाहतें.

चौथी, उठण्याची वेळ. मुलाच्या आधीं आईबापांनीं उठावें. लक्ष्मीबाईंस शिकवितां आलें, कारण त्या आधीं स्वतः शिकल्या होत्या. उद्यांचा पाठ आज आपण वाचा; जें येत नाहीं तें शेजाऱ्यास, गुरुजींस, उपदेशकास विचारा. मुलानें असा प्रश्न केला कीं ज्याचें उत्तर ठाऊक नाहीं, तर "मलाही ठाऊक नाहीं, आपण दोघें शोधूं" असें म्हणण्यास लाजूं नका. आणि पाठापूर्वीं देवाजवळ धीर मागा. कारण विद्येपेक्षां धीरच आधीं संपतो.

आतां एक कठोर गोष्ट प्रीतीनें सांगणें प्राप्त आहे. घरीं शिकविणें निराळें आणि घरीं ठेवणें निराळें. धाकट्या भावास सांभाळावें म्हणून मुलीस शाळेंतून काढून "आम्ही तिला घरींच शिकवितों" असें जो म्हणतो, तो मनुष्यांस फसवील; देवास फसवूं शकणार नाहीं. ज्या घरांत ठरलेली वेळ नाहीं, वही नाहीं आणि वाचन ऐकणारा कोणी नाहीं, त्या घरांतील मुलाची जागा शाळेंतच आहे. इ. स. २००९ च्या कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गांत घेतलें पाहिजे, व मागें राहिलेला अभ्यास भरून काढण्यास विशेष शिक्षणही दिलें पाहिजे, असें तोच कायदा सांगतो. म्हणून ज्यांचा घरचा प्रयत्न चालला नाहीं त्यांनीं संकोच न धरितां शाळेचें दार ठोठवावें.

आणि ज्यांस कारणपरत्वें पुढेंही घरींच शिकवावें लागेल, त्यांनीं परीक्षेचा मार्ग आधींच पाहून ठेवावा. इ. स. १९८९ त स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पांचवी व आठवी ह्यांच्या तोडीचे अभ्यासक्रम आहेत. तिच्या दहावीच्या परीक्षेस वयाचीं चौदा वर्षें पूर्ण झाल्यावर बसतां येतें. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीस १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचीही सोय आहे. त्याचे नियम व मुदत जवळच्या माध्यमिक शाळेंत विचारून घ्या, आणि मुलाचा जन्माचा दाखला जपून ठेवा.

मुलास एकटें वाढवूं नका. युनीकेनें तीमथ्यास शिकविलें, पण वेळ आली तेव्हां त्यास पौलाबरोबर जाऊं दिलें. घर हें बी रुजविण्याची वाफ आहे. रोप पुढें मोठ्या शेतांत लावावें लागतें. इतर मुलांबरोबर खेळणें, भांडणें, पुन्हा समेट करणें हें कोणत्याही आईबापांस एकट्यानें शिकवितां येत नाहीं.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांसही एक विनंति. ह्या महिन्यांत घरभेटीस जाल, तेव्हां प्रार्थनेपूर्वीं घरांतील धाकट्या मुलाकडून दोन वचनें वाचवून घ्या. लाजविण्यासाठीं नव्हे, आम्हांस चार वर्षें जें कळलें नाहीं, तें त्या आईबापांस त्याच दिवशीं कळावें म्हणून. जेथें दोन घरांतील आईबाप निरक्षर असतील, तेथें वाचणाऱ्या तिसऱ्या घराशीं त्यांची गांठ घालून द्या. आठवड्यांतून एक सायंकाळ मंदिराचा दिवा मुलांच्या वाचनासाठीं लावा. रविवारच्या प्रवचनापेक्षां त्या दिव्याचें फळ कमी असेल असें समजूं नका.

शाळा पुन्हा उघडल्यावर आमचा मुलगा शाळेंत परत गेला. परंतु घरचा पाठ आम्हीं बंद केला नाहीं. आज तो मंडळीपुढें उभा राहून शास्त्रपाठ वाचतो. कांहीं जोडाक्षरांशीं त्याचें अजून पुरतें सख्य झालेलें नाहीं. तो तेथें जरा थांबतो, आणि पुढें जातो. तो थांबला कीं आम्हांस ती पहिली सायंकाळ आठवते, आणि आम्ही देवाचे आभार मानितों कीं त्यानें आमची लाज आम्हांस वेळेवर दाखविली.

ज्या देवानें मुलें आमच्या हातीं दिलीं, तो एके दिवशीं त्यांविषयीं आम्हांस विचारील. गुरुजींस विचारण्यापूर्वीं आम्हांस विचारील. तर उद्यां पहांटे, किंवा उद्यां सायंकाळीं, एकच घटका काढा. मुलास प्रेमानें जवळ बोलवा, आणि म्हणा, "बाळा, वाच, मी ऐकतों आहें." तेवढाच प्रारंभ पुरे आहे. तो प्रारंभ आपल्या प्रत्येक घरांत होवो, आणि प्रभु त्यास यश देवो. आमेन.